कपाटातला श्वास

माझी भावजय कुणाच्याही घरात शिरली की आधी टाळी वाजवते. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून थांबते. घरच्यांना वाटतं, बाई जरा सरकलेली दिसते. ती मात्र टाळीचा आवाज भिंतींवरून कसा परत येतो ते ऐकत असते. "खोली रिकामी आहे," असं ती सांगते. खोलीत सोफा असो, शोकेस असो, चार माणसं दाटीवाटीने बसलेली असोत, आवाज गिळणारं काही नसेल तर तिच्या हिशेबी ती खोली रिकामीच.

तिला सगळे माईकवाली म्हणतात. त्याआधी माझा धाकटा भाऊ माईकवाला होता. ज्यांना घरबसल्या पॉडकास्ट करायचा असतो, व्हिडिओ काढायचे असतात आणि ज्यांचा खिसा बेताचा असतो, अशी माणसं तिच्याकडे येतात. शिकवणी घेणाऱ्या बाई येतात. ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही असे निवृत्त साहेब येतात. एकदा एक नवं जोडपं आलं होतं, त्यांना आपली भांडणं जगाला ऐकवायची होती. प्रत्येकाने कुठेतरी बघून एका महागड्या माईकवर बोट ठेवलेलंच असतं.

"नाकापेक्षा मोती जड कशाला?" ती म्हणते. "आधी पंखा बंद करा. मग खिडकी लावा. मग माईकचं बघू."

मग ती कॉम्प्युटरला सरळ जोडता येणारा एक साधा माईक काढते, तोंडापासून वीतभर अंतरावर, जरासा तिरका लावते. भरतकामाच्या लाकडी रिंगवर जुना पायमोजा ताणून बसवलेला असतो, तो मधे उभा करते. प, फ म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो, तो त्या मोज्यात अडकतो. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा नाराज झाले होते. आयुष्यभर केबिनमध्ये बोललेला माणूस, आता मोज्यातून बोलायचं म्हणजे काय? पण ऐकून बघितलं आणि मोज्यासमोर सरसावून बसले.

आवाज गिळायला भिंतीला लावायचे गादीसारखे फलक ही माझ्या धाकट्याची कल्पना. बाजारातले फलक सामान्य माणसाला परवडत नाहीत. हा शिंप्यांकडून चिंध्यांची पोती आणायचा, मागच्या खोलीत यंत्रात घालून पिंजायचा आणि तो भुसा लाकडी चौकटीत दाबून भरायचा. भावजय वरून कापड ताणून खिळे मारायची. यंत्र चालू झालं की त्या खोलीत समोरचं माणूस दिसत नसे. दोघं बाहेर यायची तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

"आलात का म्हातारे होऊन?" मी वरच्या मजल्यावरून विचारायचे. "तोंडाला फडकं तरी बांधा रे."

"ताई, कापडाचीच धूळ आहे, विष थोडंच आहे?" धाकटा म्हणायचा.

पालथ्या घड्यावर पाणी. आधी त्याला नुसता खोकला लागला. मग जिना चढताना तो मधेच थांबून भिंतीवरचा रंग बघू लागला, म्हणजे दम लागलाय हे आम्हाला कळू नये. शेवटी शेवटी त्याच्या श्वासाला एक शिट्टी आली. आत घेताना काही नाही, बाहेर सोडताना अगदी टोकाला एक बारीक, लांबत जाणारी शिट्टी, वंगण न घातलेल्या बिजागरीसारखी. रात्र रात्र मी त्याच्या उशाशी ती ऐकली आहे. मग एका सकाळी ती ऐकू येईनाशी झाली.

तो गेल्यावर नातेवाइकांनी नेहमीचा सल्ला दिला. कपडे ठेवू नकोस, देऊन टाक कुणाला तरी, डोळ्यांसमोर राहिले की त्रास होतो. भावजय म्हणाली, "शर्ट काढले तर आवाज घुमेल." नातेवाइकांना वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय.

पण ते खरंच होतं. त्यांच्या झोपायच्या खोलीत भिंतीतच एक मोठं कपाट आहे. धाकट्याने त्याचे खण काढून टाकले होते. आत एक स्टूल, समोर माईक, आणि तिन्ही बाजूंनी हँगरला लटकलेले कपडे. कपड्यांइतकं आवाज गिळणारं स्वस्तातलं दुसरं काही नाही. त्या कपाटात भावजय वाचन करायची. एक कंपनी पुस्तकं वाचून घेते, ती लोक फोनवर ऐकतात. "लोकांना पंखे बंद करायला सांगण्यात तुझा गळा फुकट चाललाय," असं धाकटा तिला कितीदा म्हणाला होता. तो गेल्यावर तिने ते मनावर घेतलं. कंपनीने सांगितलं, पहिलं प्रकरण वाचून पाठवा, पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तुमचं. पोट भरायचं तर तिला ते काम हवंच होतं, कारण चौकटी ठोकणं, पिंजणं, घरोघरी सामान वाहणं हे आता एकटीच्या अंगावर पडलं होतं.

एका दुपारी ती वर आली. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता.

"ताई, जरा खाली येता? काहीतरी ऐकायचंय."

मी टेलिफोन ऑपरेटर होते. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून काढली. डोळ्यांचा नंबर वाढला, गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत. मी हेडफोन चढवले. भावजयीचा आवाज वाचत होता, स्वच्छ, सावकाश. वाक्य संपलं. वाचणारी थांबली. आणि त्या थांबलेल्या जागेत कुणीतरी श्वास सोडला, आणि त्याच्या टोकाला शिट्टी वाजली.



"परत लाव," मी म्हणाले.

तिने परत लावलं. परत तेच. मी भुताखेतांना हसणारी बाई. लहानपणी धाकट्याला अंधाऱ्या जिन्यातून मीच हात धरून न्यायची आणि मधेच हात सोडून त्याला घाबरवायची. पण त्या दुपारी हेडफोन काढायला माझे हात तयार होईनात.

"धाकटा आहे," मी म्हणाले.

"मला वाटलं मलाच वेड लागलं," असं म्हणून ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेव्हापासून आमच्या दुपारी बदलल्या. दुपारी रस्ता शांत असतो म्हणून ती तेव्हाच रेकॉर्डिंग करायची. काम सुरू करण्याआधी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांत एक रीत असते. थोडा वेळ गप्प बसायचं आणि नुसती खोली रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, तिच्यात फ्रीजची घरघर असते, लांबचा रस्ता असतो. ती आधी पकडून ठेवली की मग कॉम्प्युटरला सांगता येतं, एवढं सगळीकडून पुसून टाक. भावजय कपाटात स्टुलावर बसून, हात मांडीवर ठेवून ती शांतता पकडायची, आणि त्या शांततेतही तो असायचा. तिने ते पुसायचं बटण कधी दाबलंच नाही.

हळूहळू ती पुस्तक बाजूला ठेवून नुसतीच बोलू लागली. "जेवलात का?" विचारायची आणि थांबायची. नंतर आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून ऐकायचो. तिचा प्रश्न, मग एक लांब श्वास, मग शिट्टी. "आज मागच्या खोलीचं कुलूप निघेना." श्वास, शिट्टी. "ताई म्हणतात, तुम्ही लहानपणी अंधाराला घाबरायचात." त्यावर श्वास जरा अडखळला, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझं काळीज लक्कन हललं, कारण तो बोलता बोलता असाच अडखळायचा.

खरं सांगायचं तर मी त्या दुपारची वाट बघायचे. जेवण आटोपलं की माझे कान जिन्याकडे लागायचे. कपाट उघडलं की त्याच्या शर्टांचा वास यायचा, आणि ते बाह्या खाली सोडून लटकलेले शर्ट बघून मला वाटायचं, कुणीतरी आताच त्यांतून बाहेर पडून मागे उभं राहिलंय. मी मागे वळून बघायचे नाही. भीती वाटायची म्हणून नाही. कुणी नसलं तर काय, म्हणून.

तसंच न पुसता पाठवलेल्या पहिल्या प्रकरणावर मग कंपनीचं उत्तर आलं. आवाज फार आवडला, उच्चार छान, फक्त मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय, तेवढा साफ करून पाठवा.

"एक बटण तर दाबायचंय," मी म्हणाले. हे बोलताना माझीच जीभ जड झाली होती.

"एकदा गेलेत ते," ती म्हणाली. "आता मी माझ्या हाताने घालवू?"

"अगं, पण काम जाईल."

"जाऊ दे."

तिने उत्तरच पाठवलं नाही. कंपनीने पुन्हा विचारलं, तरी नाही. मागच्या खोलीत मात्र यंत्र चालू राहिलं, कारण फलकांच्या ऑर्डरी होत्या. दुपारी कपाट, संध्याकाळी चिंध्या, असा तिचा दिवस ठरून गेला. ती वाळत चालली होती. मी म्हणायचे, दुःख आहे, दुसरं काय.

पण माझे कान गप्प बसेनात. एके दिवशी ती कपाटात बोलत असताना मी बाहेर बसून त्याच वेळी हेडफोनवर ऐकत होते. एरवी आम्ही नंतर ऐकायचो. बोलता बोलता पाठ अवघडली म्हणून ती माईककडे जरा वाकली, आणि तिच्या आवाजाबरोबर ती शिट्टीही जवळ आली. ती मागे टेकली, शिट्टी मागे गेली. इतकी वर्षं टेलिफोनवर काढल्यावर फोन हातात धरलेलं माणूस कुठलं आणि त्याच्या मागे खोलीत उभं असलेलं कुठलं, एवढं तर कळतंच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं काहीबाही डोक्यात यायला लागलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही, जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती कपाटात शिरायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"आज रेकॉर्डिंग चालू कर आणि बाहेर ये. कपाट लावून टाक. आपण दोघी जिन्यात बसू."

"कशाला?"

"तो आहे ना आत? मग आपण नसतानाही असेलच की."

माझा डाव तिला कळला होता. लोकांच्या खोल्यांची शांतता पकडताना ती घरच्यांना बाहेर घालवते, कुणी खोकलं तर पुन्हा करायला लावते. आपल्या कपाटाची शांतता मात्र ती प्रत्येक वेळी स्वतः आत बसून पकडत आली होती. ही चूक तिच्यासारखीच्या हातून सहज होणारी नव्हती.

"ताई, भाऊ आहे तो तुमचा," ती म्हणाली. आवाजात राग होता.

"म्हणूनच म्हणते."

आम्ही जिन्यात बसलो. खालून एक सायकल गेली. कुणीतरी नळ सोडला, बंद केला. भावजय गुडघ्यांना मिठी मारून बसली होती, आणि मी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदाच तिचा श्वास कान देऊन ऐकायचा प्रयत्न करत होते. नुसत्या कानांना काही ऐकू येत नव्हतं.

आत जाऊन आम्ही हेडफोन लावले. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची शांतता होती ती. लांबचा रस्ता होता, फ्रीज होता. बाकी काही नव्हतं. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.

"आपण बाहेर गेलो म्हणून तेही आले असतील बाहेर," ती म्हणाली.

बुडत्याला काडीचा आधार. मला तिची इतकी कणव आली की वाटलं, असू दे, तिचंच खरं मानावं आणि वर निघून जावं. पण मी टेबलाच्या खणातला छोटा कॉलर माईक काढला, व्हिडिओवाले शर्टाला लावतात तो. तिच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली दाबून धरला. आवाज वाढवला. एक हेडफोन तिला दिला, एक मी लावला.

"श्वास घे. आता सोड."

तिने सोडला. धाकटा आमच्या दोघींच्या कानात शिट्टी वाजवत बाहेर आला.

तिने पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मग तिने श्वास रोखून धरला आणि कानात काहीच उरलं नाही. ती तशीच थांबली, किती तरी वेळ थांबली, मला वाटलं आता ही सोडतच नाही. मी तिच्या पाठीवर धपका मारला.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

मी तिला डॉक्टरांकडे ओढतच नेलं. त्यांनी तिची छाती, पाठ बराच वेळ तपासली, फुंकायच्या नळीत फुंकायला लावलं आणि काम काय करता ते विचारलं. चिंध्यांचं ऐकल्यावर त्यांनी धाकट्याबद्दल विचारलं. मग म्हणाले, तुमचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण ते पिंजणं आजपासून बंद, आणि हा औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ तोंडाने ओढायचा, न चुकता. तो आवाज महिन्याभरात कमी होईल.

शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. भावजयीने मात्र ते निराळंच ऐकलं.

पंप स्वयंपाकघरातल्या फडताळात आणला तसा पडून राहिला. वरचं वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी रोज बघायचे आणि ती रोज दुपारी कपाटात जायची. पिंजायचं यंत्र तिने बंद केलं होतं, तेवढं ऐकलं. एके दिवशी मला राहवलं नाही. मी कपाटाचं दार उघडलं. ती माईकसमोर बसली होती. रेकॉर्डिंग चालू होतं.

"तुला मरायचंय का?"

"औषध घेतलं की ते जातील," ती म्हणाली. "माझं मला कळतंय, ताई, श्वास माझाच आहे. पण आवाज त्यांचा आहे ना? दुसरं काही उरलंय का माझ्याकडे? त्यांनी सगळ्या जगाचे आवाज धरून ठेवले, स्वतःचा कुठे ठेवला नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला नाही ऐकायचं त्यांना?"

"ऐकायचंय. रोज ऐकायचंय. मला काय दगडाचं काळीज आहे?"

मी खालीच बसले, शर्टांच्या बाह्यांखाली. काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते. तोंडातून आलं ते आलं.

"हा आवाज त्याचा नव्हता गं. त्याचा आवाज तुला आठवत नाही? चौकटी ठोकताना गाणी म्हणायचा तो. मला खालून हाक मारायचा तर अख्खी गल्ली बाहेर यायची. ही शिट्टी शेवटी आली. मी उशाशी बसून तीच ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही बंद पडू दे, याला सोडून जाऊ दे. ती त्याला घेऊनच गेली. आणि आपण दोघी इतके दिवस तिला विचारतोय, जेवलीस का म्हणून."

भावजयीच्या चेहऱ्यावरचं काही माझ्याच्याने बघवेना. कपाटात शर्ट लटकत होते आणि त्यांच्यामधे तो श्वास चालू होता, आत, बाहेर, आणि मला आता तो बिनहेडफोनचाही ऐकू येत होता. आयुष्यात मला कशाची भीती वाटली असेल तर त्या घटकेला त्या आवाजाची. इतके दिवस जवळ बसवून घेतलेलं ते दुसरंच कुणी होतं आणि त्याला आता तिच्यात घर मिळालं होतं.

ती उठली. स्वयंपाकघरात वेष्टन फाडल्याचा आवाज आला. मग पंपाचा.

शिट्टी एकदम गेली नाही. रोजच्या रेकॉर्डिंगमधे ती थोडी थोडी मागे सरत गेली. भावजय नंतर ते ऐकायची आणि मीही जायचे, पण आता आम्ही डोक्याला डोकं लावत नव्हतो. एक दिवस ती म्हणाली, "आज नाही." मी हेडफोन लावून खात्री केली. वाक्य संपत होतं आणि नंतर नुसतं कपाट होतं. त्या दिवशी आम्ही दोघी धाकट्यासाठी जशा रडलो तशा तो गेला त्या दिवशीही रडलो नव्हतो.

पहिलं प्रकरण तिने नव्याने वाचून पाठवलं. कंपनीने काम दिलं. फलकांत आता ती पिंजलेला भुसा भरत नाही, जुन्या चादरी घडी करून भरते. जड होतात, पण चालतात. लोकांच्या घरी टाळी वाजवणं सुरूच आहे.

परवा मी फोनवर तिचं ते पुस्तक ऐकत होते. वाक्य संपलं की ती अजूनही थांबते, जितकं थांबायला हवं त्याहून जरा जास्त. जुनी सवय. एकदा तो थांबलेला वेळ इतका लांबला की माझा हात फोनवर घट्ट झाला. मी खाली जाऊन तिला विचारलं, "एवढी थांबतेस कुणासाठी?"

ती एक नवा पायमोजा रिंगवर ताणत होती.

"श्वास घ्यायला," ती म्हणाली. "माझा मी."